मागच्या खोलीतला उजवा हात

मागच्या खोलीचं दार त्या दिवशी आतून लावलेलं होतं की नुसतंच लोटलेलं, हे सरांना आता छातीठोकपणे सांगता येत नाही. वार मंगळवार असावा. बुधवारही असू शकेल, कारण त्या दिवशी अंगात निळा स्वेटर होता आणि निळा स्वेटर ते बुधवारी घालत. (धुवायला पडलेला असेल तर गुरुवारी.) आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या आठवणीचं हे असं होतं. प्रत्येक गोष्टीपुढे 'कदाचित' लावता लावता शेवटी 'कदाचित' तेवढा शिल्लक राहतो.

एवढं मात्र खरं, की सर पाणी प्यायला उठले, बोळातून जाताना मागच्या खोलीच्या बंद दारापाशी थबकले आणि आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला.

"मंगळवारी चार वाजता जागा ठेवलीय तुमच्यासाठी. घाबरू नका हो, या तर खरं!"

सरांच्या पत्नीला सगळी इमारत वहिनी म्हणायची, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. मागच्या खोलीत शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि एक जुनी ट्रंक, एवढाच संसार. त्या खोलीचं दार बंद करण्याचं कारण गेल्या एकोणचाळीस वर्षांत कुणाला पडलं नव्हतं. शिवाय तो आवाज! सरांशी बोलताना वहिनींची मोजून दोन वाक्यं असत : "गोळी घेतलीत का?" आणि "चष्मा कपाळावर आहे." हा आवाज निराळाच होता. मऊ, ठाम आणि वर थोडासा हसरा. असा आवाज सरांनी शेवटचा ऐकला तो लग्न ठरताना. तोही त्यांनी एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारल्यावर.

दुसरा एखादा नवरा दार लोटून आत गेला असता आणि "कुणाचा गं फोन?" विचारून मोकळा झाला असता. पण सर पडले विद्वान. पुरेसा पुरावा हाती आल्याशिवाय प्रश्न विचारणं त्यांना अशास्त्रीय वाटे. ते पाणी न पिताच परत फिरले, टेबलाशी बसले आणि एक कोरं कार्ड काढून त्यावर लिहिलं : 'निरीक्षण पहिलं.'

या कार्डांबद्दल सांगायला हवं. सर एकोणीस वर्षं एक ग्रंथ लिहीत होते. नाव 'अनुमानातले दोष'. माणसं समोरच्या गोष्टींवरून भलतेच निष्कर्ष कसे काढतात, याची सातशे उदाहरणं त्यांनी सातशे कार्डांवर टिपली होती आणि ती कार्डं चपलांच्या चार खोक्यांत ठेवली होती. प्रकाशकांनी तीनदा मुदत वाढवून दिली होती. चौथ्या पत्रात मुदतीऐवजी त्यांनी सरांच्या प्रकृतीची चौकशी केली होती.

पुढच्या दोन महिन्यांत निरीक्षणांचं पाचवं खोकं सुरू झालं. वहिनी जेवण उरकून दुपारी खोलीत जात, दार बंद होई आणि सर बोळात येऊन उभे राहत. कान दाराला, कोपर चौकटीपाशी. तिथे काहीतरी टोचायचं, स्वेटरची बाही अडकायची; पण संशोधनात असल्या अडचणी येतातच. आतून तुकड्या-तुकड्यांनी ऐकू यायचं.

"नाही नाही, तुमच्या मिसेसना काहीएक कळणार नाही. ते माझ्यावर सोडा."

किंवा,

"दोन तिकिटं काढलीत, खिडकीजवळची. सकाळी निघायचं. घरी? छे, घरी नाही सांगितलं अजून."

एकदा वहिनी बाजारात गेल्या असताना सर खोलीत डोकावून आले. ट्रंकेवर नवा लॅपटॉप होता (लेकीनं दिलेला, 'पाककृती बघायला'), कानांवर चढवायचा हेडफोन होता आणि भिंतीवर दोन घड्याळं होती. एक बरोबर. दुसरं साडेचार तास मागे. सरांनी कान लावून पाहिला, बंद पडलेलं नव्हतं. चालू होतं आणि ठामपणे चुकत होतं.

"कशात अडकवता हो ही बाही सारखी?" वहिनी स्वेटर रफू करताना म्हणाल्या. "तिसऱ्यांदा उसवली."

"मी कुठे अडकवतो? लोकरच हल्ली वाईट येते."

"स्वेटर अकरा वर्षांचा आहे."

"तेच म्हणतोय. तेव्हापासूनच वाईट येतेय."

खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. त्यांना सगळे बँकवाले म्हणत. चाळीस वर्षं खोट्या सह्या पकडल्यामुळे त्यांचा खऱ्या सह्यांवरचाही विश्वास उडाला होता. सरांनी त्यांना, नाव न घेता, 'एका मित्राची' गोष्ट सांगितली.

"वहिनी काय म्हणतात?" बँकवाल्यांनी विचारलं.

"वहिनींचा काय संबंध? मी मित्राबद्दल बोलतोय."

"सर, तुम्हाला मित्र एकच आहे. तो मी आहे आणि माझी बायको माहेरी गेलीय."

सर चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "मी माणूस तसा वाईट नाही हो. पण माझ्याबरोबर एकोणचाळीस वर्षं राहणं सोपं नसणार. कंटाळली असेल ती. मला वाटतं, ती जायची तयारी करतेय."

बँकवाल्यांनी बशीतलं बिस्किट सरांकडे सरकवलं. त्यांच्याकडून हे फार होतं.

अशातच परगावच्या लेकीचा फोन आला. "बाबा, पुस्तक कुठवर आलं?"

"कार्डं विषयवार लावायची आहेत. सूची करायची आहे. प्रकाशकांना उत्तर लिहायचंय. हल्ली लक्ष लागत नाही."

"मग मदतनीस घ्या ना! व्हर्च्युअल असिस्टंट असतात. स्वतःच्या घरी बसून तुमची पत्रं, टायपिंग, वेळापत्रक, सगळं सांभाळतात. भेटावंही लागत नाही."

"व्हर्च्युअल म्हणजे असलेली की नसलेली?"

"असलेली, बाबा. फक्त तुमच्या डोळ्यांसमोर नसलेली. तीन नावं पाठवते, तुम्हीच निवडा. म्हणजे नंतर मला बोल नको."

सरांनी तिन्हींची कसून तपासणी केली. पहिला फोटोत कारण नसताना हसत होता, तो बाद. दुसरीनं 'कोणतंही काम चोवीस तासांत' असं लिहिलं होतं. एकोणीस वर्षं एका कामात काढलेल्या माणसाला हा सरळसरळ अपमान वाटला. तिसऱ्या पानावर फोटो नव्हता, व्यक्तीचं नाव नव्हतं, आश्वासन नव्हतं. वर 'उजवा हात' एवढीच पाटी आणि खाली एक परिच्छेद :

'अनुभव : एका विद्वान गृहस्थांची एकोणचाळीस वर्षं पूर्णवेळ मदतनीस. टंकलेखन, पत्रव्यवहार, प्रवासाची तयारी, हरवलेल्या वस्तू शोधणं, पाहुण्यांना वेळेत निरोप देणं. गृहस्थ स्वभावानं अत्यंत संशयी. तरीही एकही दिवस काम अडलं नाही.'

"काय एकेक माणसं असतात!" सर हळहळले. "बिचाऱ्या बाईनं एकोणचाळीस वर्षं कशी काढली असतील!"

(सरांच्या लग्नालाही एकोणचाळीसच वर्षं झाली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण योगायोग म्हणजे पुरावा नव्हे. त्यांच्या ग्रंथाचं तिसरं प्रकरण याच विषयावर आहे.)

बँकवाल्यांनी बजावलं होतं की नेटवर खरं नाव कुणाला सांगायचं नाही. त्यांनीच सरांना 'एक अभ्यासक' नावानं नवा ईमेल उघडून दिला. सरांनी सात प्रश्नांचं पहिलं पत्र धाडलं. फोनवर बोलणार नाही, चेहरा दाखवणार नाही, पत्ता देणार नाही. आणि काम देण्याआधी त्या एकोणचाळीस वर्षांच्या गृहस्थांचं सहीनिशी शिफारसपत्र पाहिजे.

उत्तर तासाभरात आलं. सगळ्या अटी मान्य. पहिला महिना चाचणीचा, विनामूल्य. (हे सरांना खटकलं. फुकट कोण देतं?) शिफारसपत्र दोन दिवसांत मिळेल.

दोन दिवस सरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चार-पाच कागद घेऊन आल्या. "अहो, इथे सह्या करा. हा गॅसचा, हा विम्याचा, हा पाण्याचा आणि हा असाच एक."

साबणाच्या वेष्टनामागचा मजकूर वाचल्याशिवाय आंघोळ न करणारे सर. पण त्या क्षणी ते शिफारसपत्र अजून का आलं नाही, या विवंचनेत होते. त्यांनी धडाधड सह्या ठोकल्या.

दुपारी शिफारसपत्र आलं. नावावर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढलेला होता, 'गृहस्थांच्या खासगीपणासाठी'. पट्टीखालून सहीची फक्त शेपटी दिसत होती. सर आणि बँकवाल्यांनी भिंगातून ती शेपटी तपासली.

"सही खरी आहे," बँकवाले म्हणाले. "पण घाईत ठोकलीय. मजकूर न वाचता."

"मलाही तेच वाटतं," सर म्हणाले. "धांदरट माणूस दिसतो. असल्या माणसाच्या शिफारशीला काय किंमत द्यायची?"

तरी त्यांनी काम दिलं. अडला हरी!

आणि काम काय चोख हो! सर जेवणाच्या टेबलावर कार्डं मांडून मोबाइलवर फोटो काढत आणि पाठवत. दर शुक्रवारी उजव्या हाताचा अहवाल येई. तीनच मथळे : 'झालं', 'राहिलं' आणि 'आपल्याकडून हवं'. पहिल्याच आठवड्यात दोनशे कार्डं विषयवार लागली. दुसऱ्या आठवड्यात प्रकाशकांना असं पत्र गेलं, की त्यांनी पहिल्यांदाच मुदतही वाढवली आणि क्षमाही मागितली. सर हरखले. आणि हरखले की त्यांना भीती वाटायची.

ती तिसऱ्या आठवड्यात खरी ठरली. सरांनी कळवलं : 'कार्ड क्रमांक २१४ सापडत नाही.' उत्तर आलं : 'पलंगाखाली, भिंतीच्या बाजूला पाहावं. अभ्यासकांची कार्डं बहुधा तिथेच असतात.'

कार्ड तिथेच होतं.

पुढच्या शुक्रवारी 'आपल्याकडून हवं' या मथळ्याखाली लिहिलं होतं : 'कालचा कार्डांचा फोटो हललेला आहे. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत जावी.'

सरांनी बँकवाल्यांना तडक वर बोलावलं. दोघांनी घरभर छुपा कॅमेरा शोधला. बँकवाल्यांनी बल्ब काढून हलवून पाहिले. सरांनी टीव्हीवर जाड चादर टाकली. वहिनी बाहेर आल्या, चादरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्याला थंडी वाजतेय का?"

"धूळ फार बसते."

"मग तुमच्या अंगावरही टाका एक. तीन महिने बोळात उभे आहात."

असं म्हणून त्या आत गेल्या आणि दार बंद झालं. सर चपापले. तिला माहीत होतं! घरातलं एकेक ज्याला माहीत होतं तो उजवा हात, आणि आता ही! सरांनी कार्ड घेतलं आणि शांत चित्तानं मांडणी केली. एक : पत्नी काहीतरी लपवते. दोन : उजव्या हाताला या घरातलं सगळं कळतं. यावरून : पत्नी या घराची बित्तंबातमी उजव्या हाताला पुरवते. ती निघून जाणार आहे आणि जाण्याआधी मला एका परक्या बाईच्या ताब्यात सोपवते आहे.

त्यांनी ते पुन्हा पुन्हा तपासलं. एकही पायरी निसटत नव्हती. 'अनुमानातले दोष'च्या लेखकाला त्यात एकही दोष दिसला नाही.

दुपारचे चार वाजले होते. सरांनी लिहिलं : 'आपण माझ्या पत्नीला ओळखता काय? एका शब्दात उत्तर द्यावं.'

मिनिटभरात आलं : 'ओळखते.'

एवढी वर्षं वर्गात सर सांगत आले होते, की प्रश्न विचारायला भिऊ नका, भ्यायचं ते उत्तराला. मग पहिल्यांदाच क्रमांक न घालता, पोटकलमं न पाडता, त्यांनी एक सरळ वाक्य टाइप केलं : 'ती मला सोडून जाणार आहे का?'

पाठवलं. आणि पायात सपाता न घालताच बोळात जाऊन उभे राहिले. आतली कीबोर्डची टकटक एकाएकी थांबली. मग पुन्हा सुरू झाली, हळूहळू. सरांच्या टेबलावरचा लॅपटॉप टिंग वाजला. सर धावत परत आले.

'झालं : आपलं पत्र तीनदा वाचलं.

राहिलं : सातव्या प्रकरणाची सूची.

आपल्याकडून हवं : दाराबाहेर उभं राहणं बंद करावं. फरशी गार आहे. सपाता घालून आत या.'

सरांनी सपाता घातल्या. (उजवी डाव्या पायात.) बोळ ओलांडला, दारावर टकटक केली, आणि दार वहिनींनी उघडलं की त्यांनी स्वतःच ढकललं, हे त्यांना आजही आठवत नाही. वहिनी खुर्चीत होत्या. हेडफोन गळ्यात होता आणि पडद्यावर सरांचं ते एक ओळीचं पत्र.

"तू?" सर म्हणाले.

"मीच. बसा. ट्रंकेवर नका, त्यावर दातांच्या डॉक्टरांचे कागद आहेत."

"कोण दातांचे डॉक्टर?"

"माझे पहिले ग्राहक. त्यांच्या पेशंटांच्या वेळा मी लावते. मंगळवारी चार वाजता घाबरणाऱ्यांना बोलवते, तेव्हा गर्दी नसते."

"आणि मिसेसना कळणार नाही ते?"

"एका आर्किटेक्टना बायकोच्या साठीला तिचे जुने फोटो जमवून द्यायचे होते. तिच्या मैत्रिणींना पत्रं मी लिहिली."

"खिडकीजवळची तिकिटं?"

"एक व्याख्याते आहेत. नवराबायको दौऱ्यावर निघालेत. परतीची तारीख हलली, ते त्यांच्या घरी कळवायचं राहिलं होतं. ते समुद्रापलीकडे राहतात, म्हणून ते दुसरं घड्याळ. तुम्ही कान लावून बघितलंत ना? काचेवर तेल लागलंय."

"मीच 'एक अभ्यासक' हे तुला केव्हा कळलं?"

"पहिलं पत्र वाचलं तेव्हा वाटलं, बाई गं, असा आणखी एक माणूस आहे जगात! खरं सांगते, हायसं वाटलं. मग कार्डांचा फोटो आला. टेबलक्लॉथवर इस्त्रीचा डाग. तो डाग मीच पाडलाय."

"आणि ते शिफारसपत्र..."

"तुम्हीच दिलंत की. गॅस आणि विम्याच्या मध्ये."

सरांना ती सहीची शेपटी आठवली. धांदरट माणूस! भिंगातून पाहून काढलेला त्यांच्या आयुष्यातला एकमेव बिनचूक निष्कर्ष.

"पण मला आधी का नाही सांगितलंस?" सर कळवळून म्हणाले.

वहिनींनी हेडफोनची वायर गुंडाळली. म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सतरा शंका काढल्या असत्यात. आणि त्यातल्या सोळा मला पटल्या असत्या. मग मी बसले असते बटणं लावत. म्हटलं, आधी चार माणसं जोडावीत, मग सांगावं. चार म्हणता म्हणता अकरा झाली."

खोलीत दोन्ही घड्याळं आपापल्या वेळा सांगत होती.

"आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर?" सर पुटपुटले.

"कुठल्या?"

"तो... पडद्यावरचा."

"अहो, सोडून जायचं असतं तर तुमची सातशे कार्डं लावली असती का मी?"

सरांनी विचार केला. "हे अनुमान सदोष आहे. कार्डं लावून मग गेली असतीस."

वहिनी इतक्या हसल्या, की त्यांना डोळे पुसावे लागले. तो आवाज, तो लग्न ठरतानाचा, सरांनी दाराच्या या बाजूनं पहिल्यांदाच ऐकला. त्यांना धीर आला. खाकरून ते म्हणाले, "चाचणीचा महिना संपलाय. मी तुला कायम करायचं ठरवलंय."

"ते तुम्ही ठरवलंत," वहिनी म्हणाल्या. "मी अजून ठरवते आहे. ग्राहक फार शंका काढतो."

ग्रंथ पुढच्या वर्षी निघाला. दोषांची उदाहरणं सातशे एक झाली. शेवटचं कार्ड वहिनींनी परस्पर घातलं होतं आणि सरांना ते छापून आल्यावर दिसलं. 'उजवा हात'चं तर विचारूच नका. आणखी दोन बायका हाताखाली आल्या, शुक्रवारच्या अहवालाचे तीन मथळे त्यांनाही शिकवले गेले. सर मात्र लोकांना गोष्ट सांगताना एक वाक्य न चुकता घालत : "तीन महिने ही आतून कडी लावून बसायची हो! मी काय करणार?" वहिनी त्यावर नुसत्या बघत.

बऱ्याच वर्षांनी खोली मोठी करायची ठरली, तेव्हा ते दार काढायला सुतार आला. सर सवयीनं बोळात उभे होते. सुतार बिजागऱ्या सोडवत होता. सरांनी त्यालाही गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "ती आतली कडी तेवढी जपून काढा. आठवण म्हणून ठेवीन म्हणतो."

सुतारानं दार आडवं केलं, आतल्या बाजूवरून हात फिरवला, चौकटही नीट पाहिली.

"आतून कडी नाही सर."

"पडली असेल."

"पडायला आधी बसवावी लागते. स्क्रूचं एक भोक नाही. हे दार आतून कधी लागतच नव्हतं." मग त्यानं दार उलटं केलं. "कडी आहे ती ही. बाहेरून."

सर वाकले. कडी जुनी होती, गंजलेली, नेमकी त्यांच्या कोपराच्या उंचीवर. आणि तिच्या आकड्यात निळ्या लोकरीचा एक धागा अजून अडकलेला होता.